वैशालीबाईंची झाडं

वैशालीबाईंनी पहिल्याच दिवशी मला रस्त्यात उभं करून विचारलं, "भाऊ, हे झाड कोणतं?"

बाई शिकवायच्या त्या ऐनटोल्याच्या शाळेत मी त्या दिवशी रुजू होणार होतो. नोकरीत केस पांढरे व्हायला लागले होते. आणि ही माझ्या खांद्याएवढीसुद्धा नसलेली, माझ्याहून कितीतरी लहान बाई आरमोरीच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून शाळेकडे चालता चालता मध्येच थांबून माझी परीक्षा घेत होती. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "ऐन." त्या म्हणाल्या, बरोबर, पण कशावरून ओळखलं? मग साल कशी चौकोनी फुटते, आमच्या गावाला ऐनटोला का म्हणतात, याचं साग्रसंगीत निरूपण झालं. थोडं पुढे गेल्यावर मोह आला. त्याच्यापुढे बिजा. शाळेत पोचलो तेव्हा परिपाठ आटोपून पोरं कबड्डी खेळत होती. ही बाई बडबडी आहे आणि चेंगटही आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

द्विशिक्षकी शाळा म्हणजे एक संसारच असतो. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, आणि एक जण तालुक्याला मीटिंगला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. अशा ठिकाणी माणूस फार दिवस झाकून राहू शकत नाही. बाई फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायच्या, कारण वर त्यांचा हात पोचत नसे. वरचा अर्धा भाग माझा. खुर्चीत बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत, मग त्या ते हलवत बसायच्या. पोरांना त्याचं फार कौतुक. आपल्याएवढी बाई आणि तिला गुरुजीही दबकून असतात, हे त्यांना फार आवडायचं. जिभेला धार होती. केंद्रप्रमुखांनी एकदा विचारलं, मॅडम, तुमची उंची अशी कशी? त्या म्हणाल्या, "सरकारी काम आहे, अर्ध्यात थांबलं."

महिन्याभरात माझ्या लक्षात आलं, की बाई कुठल्याही झाडापाशी थांबत नाहीत. रस्ता जिथे चढतो तिथल्या झाडापाशी थांबतात. बुंध्याला हात टेकवायचा, वाटेत सोबत आलेल्या पोरांना प्रश्न टाकायचा, आणि पोरं ओरडून ओरडून उत्तरं देत असताना आपला दम खाऊन घ्यायचा. उत्तर लगेच आलं की दुसरा प्रश्न तयार. याचं फळ कोण खातं? याचं लाकूड कोणाच्या गोठ्याला आहे? याला पालवी आधी येते की फूल? आमच्या शाळेच्या पोरांचा परिसर अभ्यास सगळ्या केंद्रात पुढे होता, आणि तपासणीला आलेला प्रत्येक साहेब बाईंच्या त्या 'चालत्या वर्गा'चं कौतुक करून जायचा. कौतुक ऐकताना बाई माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मी त्यांना काही बोललो नाही. फक्त चुकीची उत्तरं द्यायला लागलो. फाट्यावरून येताना बिज्याला धावडा म्हणायचं, धावड्याला अर्जुन. मग बाईंना समजावून सांगायला वेळ लागायचा आणि तेवढाच श्वास मिळायचा. चौथीतल्या पोरांनी गावात जाऊन सांगितलं, की नवीन गुरुजी गणितात बरे आहेत, पण झाडांत कच्चे. एकदा मी पळसालाच सागवान म्हटलं. बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं बी खोटं नका बोलू भाऊ, पोरं हसून राह्यले." म्हणजे त्यांना सगळं कळत होतं.

त्यांचं मूळ गाव राजुऱ्याकडचं. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. बाईंना सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. गावात तेव्हा त्या आजाराचं नाव घेतलं तरी बाया पदर तोंडाला लावायच्या. घरच्यांनी, भाऊबंदांनी, सगळ्यांनी बापाला सांगून पाहिलं, की पोरगी आहे, जाऊ दे, दुसरी होईल. बापाने कुणाचं ऐकलं नाही. नागपूरला नेलं, उपचारात वर्षं काढली. दिवसपाळी, रातपाळी, मधे सुट्टी मिळाली की नागपूरची गाडी. बाई वाचल्या. डोक्याला विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला होता, त्याने उंची खुंटली, केस कायमचे विरळ झाले, दात लवकर किडले. आणि एक लाल औषध होतं. बाटलीत बर्फगोळ्याच्या रंगासारखं दिसायचं, म्हणून लहानपणी त्यांना ते आवडायचं. ते नळीतून अंगात गेलं की लघवीसुद्धा लाल व्हायची, आणि वॉर्डातली पोरं कुणाची जास्त लाल यावर पैज लावायची. हे सांगताना त्या हसायच्या. मला हसू यायचं नाही.

त्याच लाल औषधाने कॅन्सर मारला आणि त्यानेच हृदयाचे स्नायू ढिले करून ठेवले. हे त्यांना कळलं ते तिशी उलटल्यावर. मधली सगळी वर्षं जिथे म्हणून दाखवलं तिथे वेगवेगळं ऐकायला मिळालं. एकाने रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने दम्याचा फवारा, तिसऱ्याने सांगितलं की लग्न करा, मन रमेल. लहानपणी कॅन्सर होता असं बाई प्रत्येकाला सांगायच्या. प्रत्येक जण म्हणायचा, तो तर बरा झाला ना, मग त्याचा इथे काय संबंध? शेवटी मी त्यांच्यासोबत नागपूरला गेलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीची सोनोग्राफी करून पडद्यावर त्यांचं हृदय दाखवलं. म्हणाल्या, हे जेवढं आवळायला पाहिजे तेवढं आवळत नाही. गोळ्या कायमच्या घ्या, दरवर्षी दाखवा, चढ आणि ओझं टाळा. लहानपणी हे औषध घेतलेल्यांना असं होऊ शकतं, दरवर्षी तपासायला हवं होतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

बाई म्हणाल्या, "सुट्टी झाली तेव्हा बाबानं वॉर्डात पेढे वाटले. तिशीत परत या, असं नाई सांगतलं कोणी."

परतीच्या बसमध्ये मी संतापून बोलत होतो. एवढा खटाटोप करून पोर वाचवायचं, आणि मग दारातून बाहेर पडलं की त्याच्याकडे कुणी वळून बघायचं नाही, ही कुठली रीत? पाळणाघरातून पोर घरी नेताना बाया चार सूचना देतात. इथे जिवावरच्या औषधाची एक सूचना नाही. बाई खिडकीशी बसून फुटाणे खात होत्या. मग म्हणाल्या, "रोग गेला भाऊ, औषध राह्यलं आंगात. चालाचंच." नंतर फुटाण्यांची पुडी मिटत म्हणाल्या, "बाबाले नका सांगजा."

हे बाबाचं प्रकरण समजल्याशिवाय शालींचं प्रकरण समजणार नाही. दर वर्षी कर्करोग दिन आला, की कुठल्या ना कुठल्या क्लबाला, मंडळाला, कॉलेजला बाईंची आठवण यायची. मग स्टेज, हार, शाल, श्रीफळ. 'कर्करोगाला हरवणारी रणरागिणी.' वक्ता हात उंचावून सांगायचा, की बघा, या आज पूर्णपणे बऱ्या आहेत. स्टेजच्या पायऱ्या चढून दम लागलेल्या बाई खुर्चीत बसून पाय हलवत ते ऐकायच्या. समोर पहिल्या रांगेत त्यांचे वडील, निवृत्त झालेले, कोळशाच्या धुळीने खोकणारे, पांढरं धोतर-सदरा घालून राजुऱ्याहून मुद्दाम आलेले. 'पूर्णपणे बऱ्या' हे शब्द आले की म्हातारा रडायचा. दरवर्षी, त्याच जागी.

म्हणून बाई जायच्या. मला एकदा स्टेजवरून उतरल्यावर हळूच म्हणाल्या, "लढाई बाबानं केली. मी तं नुसती झोपून होती. सतकार त्याचा आहे, शाल माह्या आंगावर टाकतात." मी म्हटलं, मग एकदा माईक घ्या आणि सांगा, की मी बरी नाही. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्याच्या पदरात जिंकलेली ही एकच गोष्ट आहे, ती मी कशी काढून घेऊ? मी चिडायचो.

त्या शाली आमच्या शाळेत सत्कारणी लागल्या. पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांवर एक, खिडकीला दोन, पहिलीतलं पोरगं झोपी गेलं की त्याच्या अंगावर एक. एक जरीकाठाची शाल खिचडी शिजवणाऱ्या कमलाबाईंच्या बकरीला हिवाळ्यात मिळाली, आणि ती बकरी गावभर अध्यक्ष असल्यासारखी फिरायची. नारळाची चटणी व्हायची. बाई स्वतः मात्र कडाक्याच्या थंडीतही शाल कधी घेत नसत. त्यांचा तो जुना, कोपरावर विरलेला स्वेटर होता.

मग बदल्या निघाल्या.

ज्यांनी सोप्या भागात बरीच वर्षं काढली त्यांनी आत जायचं, हा नियम. नियमाला माझी हरकत नाही, आतल्या पोरांनाही मास्तर लागतातच. पण बाईंना गडचिरोलीच्या पलीकडचं, थेट जंगलातलं गाव आलं. बस फाट्यापर्यंत, पुढे चढाचा रस्ता पायी, आणि जवळपास इसीजीचं मशीनसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, शिकवायचं तर तिथेही आहे, पण त्या चढाने मी मरेन. इतक्या सरळ शब्दांत त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. आजारी शिक्षकांना बदलीतून सूट मिळते. आम्ही अर्ज केला, नागपूरचे सगळे रिपोर्ट जोडले, आणि तपासणी समितीची तारीख मिळाली.

समितीसमोर बाईंबरोबर मीही आत गेलो. तीन माणसं होती. त्यांतले दोघे डॉक्टर. पहिल्याने रिपोर्ट चाळून विचारलं, कॅन्सर आता आहे का? नाही. मग कॅन्सरच्या रकान्यात बसत नाही. हृदयाचं ऑपरेशन झालंय का? नाही. मग त्याही रकान्यात बसत नाही. मी म्हटलं, साहेब, औषधामुळे हृदय अशक्त झालंय, ऑपरेशन करण्यासारखं त्यात काही नाही. ते म्हणाले, मग हा नेमका कोणता आजार लिहू? बाईंनी शांतपणे सांगितलं, "बरं होण्याचा."

दुसरे डॉक्टर जरा वयस्क होते. त्यांनी बाईंच्या पायावर बोट दाबून सूज बघितली, छातीला नळी लावली. म्हणाले, यात तथ्य आहे, विशेष बाब म्हणून लिहिता येईल. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, झालं काम.

त्याच वेळी खाली रस्त्यावर गलका झाला.

ऐनटोल्याचं गाव आलं होतं. बाई जाणार म्हणून आठवडाभर गाव हवालदिल होतं, आणि आपण काहीतरी केलंच पाहिजे असं सरपंच देवरावभाऊंनी मनावर घेतलं होतं. पिकअपमध्ये बाया, म्हातारे, पोरं कोंबून ते थेट समितीच्या दारात हजर झाले. बरोबर फ्लेक्स. आपल्याकडे प्रेम व्यक्त करायचं तर फ्लेक्स लागतो, त्याशिवाय ते सरकारपर्यंत पोचत नाही असा सगळ्यांचा समज आहे. समोरच्या भिंतीला त्यांनी तो बांधला. बाईंचा भला मोठा फोटो, अंगावर शाल, दोन्ही बाजूंना वाघ. आणि खाली लालभडक अक्षरांत: 'कर्करोगावर संपूर्ण विजय मिळवणाऱ्या, ठणठणीत बऱ्या झालेल्या आमच्या लाडक्या वैशालीबाईंची बदली रद्द करा.'

तिसरे साहेब खिडकीपाशी गेले. त्यांनी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. खोलीत कुणी हसलं नाही, पण पेनाचं टोपण परत लागलं. वयस्क डॉक्टर म्हणाले, मॅडम, उद्या कुणी याचा फोटो काढून तक्रार केली तर मी काय उत्तर देऊ? गावच लिहून देतंय की तुम्ही ठणठणीत आहात. मी भांडलो. आवाज चढवला. फ्लेक्स हा काय वैद्यकीय पुरावा आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, नाही, पण लोक तोच वाचतात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड होत होता.

खाली आलो तेव्हा देवरावभाऊ पुढे आले. तोंडभर हसू. म्हणाले, "झालं नं बाई काम? वाघ टाका म्हणून मीच सांगतलो डिझाइनवाल्याले."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबला. त्या देवरावभाऊंना म्हणाल्या, "बढिया झालं भाऊ. लेकरं जेवले का?" मग पोरांना कचोरी खाऊ घातली, फ्लेक्स स्वतः उभं राहून सोडवून घेतला, घडी केली. शाळेच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं, तिथे तो आजही आहे. खिचडी ढवळताना वर बघितलं की दोन वाघ दिसतात.

निरोपाच्या दिवशी गावाने पुन्हा शाल दिली. देवरावभाऊंना तोवर खरं कळलं होतं, कारण माझ्याने राहवलं नव्हतं. ते भाषणाला उभे राहिले आणि माफीच मागायला लागले. बाईंनी त्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "तुमची चूक नाई भाऊ. इतके वर्षं मीच सतकार घेत गेली. कोणाले ना कोणाले खरं वाटणारच होतं." मी मात्र कुणाला माफ करायच्या मनःस्थितीत नव्हतो. समितीला नाही, क्लबांना नाही, त्या म्हाताऱ्यालाही नाही. बाईंच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग येत होता. एकदा तरी त्यांनी टेबलावर हात आपटायला हवा होता. फळ्याचा खालचा अर्धा भाग अजूनही मला वापरवत नाही. नवीन आलेले सर उंच आहेत, तेही वरच लिहितात.

बाई तिकडे गेल्यावर अधूनमधून फोन यायचा. रेंज मिळाली की. पोरं हुशार आहेत, गोंडी बोलतात, मीही शिकतेय, असं सांगायच्या. तब्येतीचं विचारलं की विषय बदलायच्या. नागपूरची वार्षिक तपासणी त्या वर्षी राहून गेली होती, एवढं मी खोदून खोदून काढून घेतलं. रजा मागावी तर शाळेत दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला गेलो. परतताना त्यांच्या फाट्यावर उतरतो, शाळा बघतो, असं आधी कळवलं होतं. फाट्यावर उतरलो तर बाई तिथेच, टपरीच्या बाकावर, भोवती पाच-सहा पोरं. म्हणाल्या, वर कशाला येता, रस्ता खोदून ठेवलाय, इथेच बसू. चहा घेतला. चेहरा सुजल्यासारखा वाटत होता, चपलेचे पट्टे पायात रुतले होते. मी म्हटलं, आता पुरे झालं, मी तुमच्या वडिलांना सगळं सांगतो, ते स्वतः येऊन बसतील साहेबांच्या दारात, त्यांच्यासारखा भांडणारा दुसरा माणूस नाही.

बाई पाय हलवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यानं मले एकडाव वाचवलं भाऊ. दुसऱ्या डाव नाई जमलं, तं त्याले पहिलं बी खोटं वाटंल."

परतीची बस आली. बाईंनी मला जवळजवळ ढकलूनच बसवलं. मागच्या सीटवर जागा मिळाली. बस वळण घेऊन वर चढली तेव्हा मागच्या काचेतून त्यांच्या गावाचा रस्ता पूर्ण दिसला, आणि त्यांनी मला वर का येऊ दिलं नाही ते कळलं. रुंदीकरणासाठी दोन्ही बाजूंची झाडं कापून टाकली होती. मोह नाही, ऐन नाही, काही नाही. सरळ उघडा चढ, आणि कडेने विजेचे नवे सिमेंटचे खांब.

बाई पोरांबरोबर परत निघाल्या होत्या. पहिल्या खांबापाशी थांबल्या. खांबाला हात टेकवला आणि वर बोट दाखवून पोरांना काहीतरी विचारलं. पोरं माना वर करून तारांकडे बघायला लागली.

प्रश्न काय होता ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याचं उत्तर कुणालाच लवकर येऊ नये, एवढंच मी म्हणत होतो.